हिब्रू 'हेसेद' ते केडगावचे 'कृपासदन' : ख्रिस्ती धर्मग्रंथातील ईश्वरी दयेच्या संकल्पनेचा मराठी इतिहास

प्रस्तावना

'दया' हा शब्द मराठी माणसाला इतका परिचयाचा आहे की त्याचा अर्थ निराळा शोधावा लागतो असे सहसा कुणाला वाटत नाही. दया म्हणजे दुःखितावर द्रवणे, एवढ्यावर आपला विचार थांबतो. परंतु एखादा शब्द एका धर्मपरंपरेतून दुसऱ्या भाषेत येतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा सगळा अर्थ येतोच असे नाही. काही मागे राहतो, काही नव्या भाषेच्या संस्कारांतून वाढतो आणि काही तर शब्दकोशाबाहेर, माणसांच्या कृतीतूनच कळतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील ईश्वरी दयेची संकल्पना मराठीत कशी आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत तिला कोणता आशय प्राप्त झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. यासाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे जीवन व केडगाव येथील मुक्ती मिशनचे कार्य हे मुख्य उदाहरण म्हणून निवडले आहे.

हा विषय केवळ धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात राहणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला दुष्काळ ही काय वस्तू आहे, हे ग्रंथावाचूनही ठाऊक असते. १८९९–१९०० च्या दुष्काळाचा तडाखा तत्कालीन निजाम राज्यातील मराठवाड्यालाही बसला होता आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वडीलधारी मंडळी आजही सांगतात. संकटात सापडलेल्या परक्या माणसाशी आपले नाते काय, त्याला मदत करणे हा उपकार की कर्तव्य, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

मूळ संज्ञा आणि तिचा आशय

बायबलच्या जुन्या करारात ईश्वराच्या दयेसाठी प्रामुख्याने तीन हिब्रू शब्द येतात. 'हेन' म्हणजे कृपा, मर्जी. ती वरिष्ठाने कनिष्ठावर करावयाची असते आणि तिच्यामागे कोणतेही पूर्वबंधन नसते. 'रहमीम' म्हणजे करुणा. हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी निगडित आहे. आईला पोटच्या लेकराविषयी जे आतड्यातून वाटते, ते रहमीम. उर्दूतून मराठवाड्याच्या बोलीत रुळलेला 'रहम' आणि 'रहीम' हे नाव याच सेमिटिक धातूतून आलेले आहेत. त्यामुळे निजामी मुलखातील मराठी माणसाच्या कानाला हा हिब्रू शब्द वाटतो तितका परका नाही. आपल्याकडे 'वात्सल्य' हा शब्द 'वत्स' म्हणजे वासरू यावरून आला. एका भाषेने गर्भाशय पाहिले, दुसरीने गाय-वासरू. दोन्हीकडे आधार मातृत्वाचाच आहे.

तिसरा शब्द 'हेसेद' हा सर्वांत महत्त्वाचा आणि भाषांतरास सर्वांत कठीण होय. जुन्या करारात तो सुमारे २५० वेळा येतो आणि त्यांतील जवळजवळ निम्मी स्थळे एकट्या स्तोत्रसंहितेत आहेत. १३६ व्या स्तोत्रातील २६ श्लोकांपैकी प्रत्येक श्लोकाच्या अखेरीस ईश्वराच्या शाश्वत हेसेदचे पालुपद आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी बहुधा 'एलेओस' हा शब्द वापरला, लॅटिनमध्ये 'मिसेरिकॉर्दिया' आला. या दोन्ही शब्दांत दुःखितावर द्रवण्याचा भाव प्रधान आहे. १५३५ साली माइल्स कव्हरडेल याने इंग्रजीत 'लव्हिंगकाइंडनेस' असा जोडशब्द घडविला, कारण एका शब्दाने काम भागत नाही हे त्याला कळून चुकले होते.

विसाव्या शतकात या शब्दावर स्वतंत्र संशोधन झाले. नेल्सन ग्लुक यांनी १९२७ च्या आपल्या जर्मन प्रबंधात असे प्रतिपादिले की हेसेद ही केवळ भावना नसून कराराने किंवा नात्याने बांधलेल्या पक्षांनी परस्परांशी करावयाचे वर्तन आहे. कॅथरीन साकेनफेल्ड यांनी १९७८ साली या मताला मुरड घातली. त्यांच्या मते ज्याच्याजवळ सामर्थ्य आहे आणि जो मदत नाकारू शकतो, अशा व्यक्तीने नात्याची जबाबदारी ओळखून अडचणीतील व्यक्तीसाठी केलेली कृती म्हणजे हेसेद. त्यात बंधनही आहे आणि स्वातंत्र्यही आहे. प्रस्तुत लेखकास हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बायबलमधील कथांना ते चांगले लागू पडते.

उदाहरणार्थ, रूथच्या कथेकडे पाहता येईल. कथेचा आरंभच दुष्काळाने होतो. 'बेथलेहेम' या नावाचा अर्थ 'भाकरीचे घर', आणि त्याच गावात भाकर उरलेली नाही. एक कुटुंब पोटासाठी मवाब देशात जाते. तेथे घरातील तिन्ही पुरुष मरतात आणि तीन विधवा मागे राहतात. त्यांतील रूथ ही परदेशी सून सासूला सोडून माहेरी जाण्यास मोकळी असते. कायदा तिला अडवीत नाही, सासू तर तिला जाण्याचाच आग्रह करते. तरीही ती जात नाही. या छोट्याशा ग्रंथात हेसेद हा शब्द तीन वेळा येतो, आणि त्यांपैकी एकदा तो एका परदेशी विधवेच्या वर्तनासाठी वापरला जातो, ही गोष्ट लक्षणीय आहे. ईश्वराचा म्हणून जो गुण सांगितला जातो, तो येथे शेतात सरवा वेचणाऱ्या स्त्रीच्या ठायी दिसतो.

निर्गम ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात सोन्याच्या वासराची पूजा केल्यानंतर, म्हणजे लोकांनी करार मोडल्यानंतर, ईश्वर स्वतःचे वर्णन करतो. त्यात करुणा, कृपा, हेसेद आणि सत्यनिष्ठा हे गुण एकत्र येतात. तेथेच 'रागास मंद' या अर्थाचा जो हिब्रू शब्दप्रयोग आहे, त्याचा अक्षरशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो. रागाने नाक फुलते, आणि नाक लांब असले की राग चढायला वेळ लागतो, अशी ती कल्पना. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'मंदक्रोध' असा सुटसुटीत शब्द योजला. तो चांगला आहे, पण नाक गेले!

दयेचा हा विस्तार सर्वांनाच रुचतो असे नाही. संदेष्टा योना निनवे नगरावर रुष्ट होतो तो याचसाठी की ईश्वर शत्रूच्या नगरालाही क्षमा करतो. होशेयच्या ग्रंथात तर व्यभिचारी पत्नीच्या मुलीचे नाव 'लो-रुहामा' म्हणजे 'जिच्यावर करुणा झाली नाही ती' असे ठेवले जाते आणि पुढे त्यातील नकार काढून टाकून ती 'रुहामा' होते. यज्ञापेक्षा हेसेद श्रेष्ठ, हे होशेयचेच वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या मुखी दोनदा येते. पहिला प्रसंग जकातदारांच्या पंक्तीला जेवल्याचा आहे, दुसरा भुकेल्या शिष्यांनी शब्बाथदिवशी कणसे मोडल्याचा. दोन्ही ठिकाणी वाद अन्नाच्या निमित्ताने आहे.

मराठीत आलेली 'दया'

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली छापल्या गेलेल्या क्रिस्तपुराणापासून मानला जातो. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे वापरला. श्रोत्यांच्या मनात आधीच असलेल्या शब्दांत नवा आशय ओतण्याची ही रीत होती. एकोणिसाव्या शतकात विल्यम कॅरे यांनी श्रीरामपूर येथे मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली व नवा करार १८११ साली छापला गेला. कॅरे यांना मराठीसाठी साहाय्य करणाऱ्या पंडिताचे नाव वैजनाथ होते, ही गोष्ट परळीच्या वाचकांस मौजेची वाटेल. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला आणि नंतर संपूर्ण बायबलच्या अनेक आवृत्त्या व संशोधित प्रती निघाल्या. या परंपरेत हेसेदसाठी मुख्यतः 'दया' हा शब्द स्थिरावला.

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. 'दया' या शब्दात हेसेदचा बांधिलकीचा पैलू येतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तो पूर्णपणे येत नाही. दया करणारा वर असतो, घेणारा खाली असतो आणि दया केली नाही म्हणून कुणी जाब विचारीत नाही. हेसेद ज्याच्याकडून अपेक्षित आहे, त्याला मात्र जाब विचारता येतो. स्तोत्रकर्ते ईश्वराला तसा तो विचारतातही. याला जवळचा शब्द मराठीत आहे, पण तो भाषांतरांत नाही, वारकरी परंपरेत आहे. तो शब्द म्हणजे 'ब्रीद'. पतितांना पावन करणे हे देवाने स्वतःच मिरविलेले ब्रीद आहे. मग तू ते सोडतोस कसा, असे संत विठ्ठलाला खडसावून विचारतात. परळीपासून जवळच असलेल्या गंगाखेडच्या जनाबाईचा देव तिच्याबरोबर दळू-कांडू लागतो, कारण तिला दुसरे कुणी नाही. त्याची ही दया वरून टाकलेली नाही, जोडीला बसलेली आहे. अर्थात ब्रीद हे देवाने आपण होऊन घेतलेले असते, तर हेसेदच्या पाठीशी दोन पक्षांतील करार असतो. हा भेद विसरून चालणार नाही. तथापि 'दया' आणि 'ब्रीद' हे दोन्ही शब्द एकत्र ठेवले, तर हेसेदची कल्पना मराठी वाचकास बरीचशी यावी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांनी अभंगाचा छंद स्वीकारला आणि ख्रिस्ताला आईच्या रूपात पाहिले, त्यामागे हीच जाण असावी.

क्षमा आणि समाजात परत घेणे यांचा प्रश्न त्या काळी न्यायालयापर्यंतही गेला होता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला पालकांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. दयेची मागणी येथे हिंदू समाजाच्या आतूनच झाली होती, हे या प्रकरणाचे महत्त्व. थोरले नारायण शेषाद्री यांनी पुढे मराठवाड्यात जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. तिच्यासाठी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती.

पंडिता रमाबाई : दुष्काळातून दुष्काळाकडे

रमाबाईंच्या जीवनात दुष्काळ दोनदा निर्णायक ठरला. वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई हे पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे विद्वान कुटुंब. १८७० च्या दशकातील दक्षिणेकडील दुष्काळात उपासमारीने प्रथम वडील, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी भटकले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन जिचा गौरव केला, ती तरुणी काही वर्षांपूर्वी अन्नाला मोताद होती.

बंधू गेले, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास मेधावी गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला पोहोचल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरामागील एक प्रसंग त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केला आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रमात पाठविले. तेथे समाजाने टाकलेल्या, 'पतित' म्हणून हिणविलेल्या स्त्रियांचा सांभाळ केला जात होता. अशा स्त्रियांवर कुणी माया करू शकते, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. तत्त्वचर्चेने जे झाले नव्हते, ते या कथेने आणि त्या आश्रमाने केले.

त्या धर्माधिकाऱ्यांपुढे नमल्या असे मात्र नव्हे. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, श्रद्धासूत्रे यांविषयी सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना त्यांची स्वतंत्र बुद्धी पानोपानी जाणवते. ईश्वराची दया त्यांनी स्वीकारली, पण ती कुणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर घ्यायची हे ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठीची ही संस्था पुढील वर्षी पुण्यास आली. येथे धार्मिक तटस्थता राखण्याचे आश्वासन होते. परंतु मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३ मध्ये केसरीतून कडक टीका झाली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार समिती सोडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाकडे केवळ प्रतिगामी विरुद्ध सुधारक असे पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचा आश्रितावर प्रभाव पडणे अटळ असते आणि आश्रित स्त्रीची संमती कितपत मोकळी मानावी, हा टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. तेवढाच रास्त प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारता येतो. ज्या समाजाने या मुलींना केशवपन आणि अंधारी खोली यांपलीकडे काही दिले नव्हते, त्याने त्यांच्यावर हक्क कोणत्या आधारे सांगावा?

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील मदतकेंद्रांवर निराधार तरुण मुलींची जी स्थिती त्यांनी पाहिली, तीत त्यांना आपले पूर्वायुष्यच दिसले. सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' पत्रात सरकारला जाब विचारणारे पत्र लिहिले. ते पुढे ब्रिटिश पार्लमेंटमधील चर्चेपर्यंत पोहोचले. मिशनरी म्हटला की सरकारधार्जिणा, या समजुतीला हे पत्र छेद देते. हेसेद जाब विचारते, ते असे.

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर १८९८ साली मुक्तीसदन उभे राहिले. १८९९–१९०० मध्ये गुजरातेत भीषण दुष्काळ पडला आणि तेथूनही मुली आणल्या गेल्या. शतक बदलत असताना केडगावातील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. शारदासदनात प्रवेश उच्चवर्णीय विधवांना होता. दुष्काळाने ती भिंत पाडली. आता ज्या आल्या त्यांत सर्व जातींच्या स्त्रिया होत्या.

तेथील इमारतींची व विभागांची नावे हा एक स्वतंत्र दस्तऐवजच आहे. वंचित, फसविल्या गेलेल्या व 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन', वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी 'प्रीतिसदन', आंधळ्यांसाठी 'बार्तिमी सदन'. बार्तिमी हा यरीहोच्या वाटेवरील आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प करीत असताना तो दयेसाठी ओरडतच राहिला, अशी मार्काच्या शुभवर्तमानातील कथा आहे. कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा या पाट्यांवरून रमाबाईंना दयेचा कोणता अर्थ अभिप्रेत होता हे अधिक स्पष्ट होते. फुलहॅमला पाहिलेले घर सोळा वर्षांनी माळरानावर 'कृपासदन' या मराठी नावाने उभे राहिले. लो-रुहामाच्या नावातील 'लो' पुसण्याचाच हा प्रकार होता.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. केडगावात केवळ अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, शाळा आणि छापखाना असे सर्व काही होते व ते स्त्रियाच चालवीत. खायला घालून सोडून देणे ही दया झाली असती. तिला स्वतःच्या पायांवर उभे करीपर्यंत तिची जबाबदारी न सोडणे, हे साकेनफेल्ड यांनी वर्णिलेल्या हेसेदच्या अधिक जवळचे आहे. मात्र या व्यवस्थेचा बराचसा आर्थिक भार परदेशी देणग्यांवर होता, तसेच केडगावचे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते, हेही सांगितले पाहिजे. शारदासदनातील तटस्थतेचे आश्वासन येथे उरले नव्हते.

भाषांतर : विदुषीने केलेला त्याग

आयुष्याच्या अखेरच्या दीडएक दशकात रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्या उतारवयात दोन्ही भाषा शिकल्या. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या साध्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना ती कळत नाही आणि तिच्यातील काही शब्दांना हिंदू धर्मकल्पनांचे अर्थ चिकटलेले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. स्टीफन्स यांनी श्रोत्यांच्या ओळखीचे धार्मिक शब्द हाती धरले. रमाबाईंनी तेच शब्द टाळू पाहिले. ज्यांच्या विद्वत्तेचा सारा पाया संस्कृत होता, त्यांनीच संस्कृत शब्द दूर ठेवण्याचा प्रयत्न करावा, यातील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. भाषांतर म्हणून या कामात ओबडधोबडपणा आहे. मूळ रचनेला फार जवळ राहिल्याने वाक्ये अडखळतात. मराठी चर्चने ते आपले प्रमाण भाषांतर म्हणून स्वीकारले नाही. पण ते कुणासाठी केले होते हे ध्यानात ठेवले, तर त्याचे मूल्यमापन निराळ्या कसोटीवर करावे लागते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या मुलीवर संस्थेची धुरा सोपवायची, तीच आधी गेली. यानंतरही मुद्रितांचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविणे, छापणे आणि बांधणी ही कामे आश्रमातील स्त्रियांनी केली होती. रूथची चार अध्यायांची कथाही, दुष्काळापासून कापणीपर्यंत, त्यांच्याच हातांखालून गेली.